खोटं बोलणं आणि खोटं पाडणं

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, फक्त काही वाक्यं सरळ केली आहेत.)



मला आज एका शब्दावर बोलायला सांगितलंय. शब्दावर बोलायचं म्हणजे प्राध्यापक पाहिजे. मी मॅट्रिक. गोदीत माल उतरवतो, उरलेल्या वेळात कविता लिहितो. पण शब्द काही प्राध्यापकांच्या मालकीचे नाहीत. जो शब्द तुमच्या पाठीवर पडतो, त्याचं वजन तुम्हाला कोश न उघडता कळतं. तर तो शब्द आहे 'खोटं'.

आधी ह्या शब्दाचं घर बघू. घर मोठं आहे. 'खोट' म्हणजे उणीव, तूट. धंद्यात खोट बसली म्हणतात, एखाद्याच्या नियतीत खोट आहे म्हणतात. शाळेत, ऑफिसात कुणी चिडला की म्हणतो, तुमच्या जातीतच खोट आहे. 'खोटा' हा बाजारातला शब्द. खोटा रुपया, खोटं सोनं, खोटे दागिने. इथं कुणी काही बोललेलंच नसतं. नाणं गप्प असतं, तरी ते खोटं असतं. सराफ ते आपटून बघतो, आवाज ऐकतो आणि निकाल देतो. म्हणजे खरं-खोटं ठरवायला पारखणारा लागतो, आणि पारखणाऱ्याच्या हातात दुकान असतं. हे ध्यानात ठेवा.

तिसरा शब्द 'खोटी'. पोरांनो, हा शब्द शहरात आता कमी ऐकू येतो, पण गोदीच्या गेटावर तो अजून जिवंत आहे. कागद आला नाही, काटा बंद पडला, क्रेन मिळाली नाही, की ट्रक दिवसभर उभा. मग ड्रायव्हर म्हणतो, "आज खोटी झाली." खोटी म्हणजे खोळंबा. आणि खोळंब्यात बुडालेली मजुरीही. तूट, बनावट आणि खोळंबा, तिन्हींना एकच मूळ अक्षर. आपल्या बापजाद्यांनी अनुभवातून भाषा घडवली, ती उगाच नाही घडवली. ज्या माणसाचा न्याय खोळंबतो, त्याचं खरं हळूहळू खोटं होत जातं. ह्याच्यावर मी पुढं येणार आहे.

आता क्रियापदं बघा. खोट्याला मराठीत मुख्य क्रियापदं दोन. एक, खोटं बोलणं. दुसरं, खोटं पाडणं. पहिलं आपल्याला शाळेत शिकवतात. खोटं बोलू नये, खोट्याच्या कपाळी गोटा, वगैरे. दुसरं कुणी शिकवत नाही, ते अंगावर शिकावं लागतं. खोटं बोलायला जीभ पुरते. खोटं पाडायला हुद्दा लागतो, वही लागते, शिक्का लागतो, दोन साक्षीदार लागतात. झोपडी पाडतात तसंच माणसाचं बोलणं पाडतात. आतला माणूस ओरडत असतो, आणि बाहेर कागदावर सही झालेली असते.

माझंच सांगतो. एका ठेकेदाराकडं रात्रपाळी केली. लोखंडाच्या कॉइलांना साखळ्या लावल्या, सकाळी आंघोळ करून झोपलो. आठवड्यानं पगार घ्यायला गेलो तर मुकादमाच्या वहीत माझ्या नावापुढं फुली. मी म्हटलं, आलो होतो. तो म्हणाला, वही काय खोटं बोलते काय? टोळीतले चौघे माझ्याबरोबर होते, पण त्यांना दुसऱ्या दिवशीची पाळी पाहिजे होती. ते बुटाकडं बघत राहिले. गेली पाळी. वही खरी, घाम खोटा. आता सांगा, ह्यात खोटं कोण बोललं? मुकादम वहीकडं बोट दाखवतो. वहीला तोंड नाही. चौघे गप्प. कुणीच बोललं नाही, आणि तरी खोटा मी ठरलो.

गप्प बसून खोटं कसं बोलता येतं ह्याचं मोठं उदाहरण आमच्या गोदीतच आहे. १४ एप्रिल १९४४. तारीख तुम्हाला पाठ आहे, बाबासाहेबांच्या वाढदिवसाची. त्या दिवशी दुपारी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात कापसाच्या गासड्या, सोन्याच्या विटा आणि शेकडो टन स्फोटकं, सगळं एकत्र. स्फोटकं असलेल्या जहाजानं लाल बावटा लावायचा असतो, म्हणजे काम करणाऱ्याला कळतं की आपण कशाशेजारी उभे आहोत. त्या जहाजावर तो बावटा नव्हता. आग लागली, चारच्या सुमारास जहाज फुटलं, अर्ध्या तासात दुसरा स्फोट झाला. आजूबाजूची जहाजं, वखारी, वस्त्या जळाल्या. युद्ध चालू होतं म्हणून सरकारनं बातमी काही आठवडे दाबून ठेवली. मेलेल्यांचे आकडे आजही वेगवेगळे सांगतात, आठशेपासून तेराशेपर्यंत. त्यातले गोदीतले रोजंदारीचे मजूर नक्की किती, हे पक्कं कधीच ठरलं नाही. सोन्याच्या विटा मात्र १९७० च्या दशकापर्यंत गाळ उपसताना सापडत राहिल्या.

न लावलेला बावटा हेही खोटंच. आणि न मोजलेली माणसं हे त्याच्याहून मोठं खोटं. शब्द न वापरता बोललेलं, म्हणून कुणाला पकडता येत नाही.

आता दुसऱ्या बाजूला जाऊ. आपल्याला ज्यांनी शतकानुशतकं खोटं पाडलं, त्यांच्या पोथ्यांत सत्याचा फार गजर आहे. हे गजर जवळ जाऊन ऐकले पाहिजेत. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम जाबालाची गोष्ट आहे. पोरगा गुरूकडं शिकायला निघतो, आईला गोत्र विचारतो. आई म्हणते, तरुणपणी मी पुष्कळांच्या घरी राबले, तेव्हा तू झालास, तुझं गोत्र मला ठाऊक नाही. पोरगा जाऊन गौतम ऋषीला जसंच्या तसं सांगतो. इथंपर्यंत गोष्ट आपली आहे. राबणारी बाई, बापाचं नाव नसलेला पोरगा, आणि तोंडावर सांगितलेलं खरं. पण ऋषी काय म्हणतो? म्हणतो, असं बोलणं अब्राह्मणाला जमणार नाही, जा समिधा घेऊन ये, मी तुझी मुंज करतो. बघा कशी चलाखी आहे. पोरानं खरं सांगितलं, म्हणून त्याला ब्राह्मण ठरवून टाकला. म्हणजे सत्यावर जातीचा शिक्का बसला. मग उलट हिशेब आपोआप लागतो. जो ब्राह्मण नाही तो खरं बोलूच शकत नाही!

हा उलट हिशेब मनूनं कायद्यात बसवला. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्ष कशी घ्यावी ते आहे. ब्राह्मणाला नुसतं 'सांग' म्हणायचं. क्षत्रियाला 'खरं सांग' म्हणायचं. वैश्याला गाय, धान्य आणि सोनं ह्यांची शपथ घालायची. शूद्राला सगळ्या पातकांचा धाक घालायचा. एकच प्रश्न, चार प्रकारे विचारलेला. वरच्याचं बोलणं धाकाशिवाय खरं, खालच्याचं बोलणं धाकाशिवाय खोटं. आणि अंत्यज? त्यानं फक्त अंत्यजाचीच साक्ष द्यावी. म्हणजे त्याच्यावर वरच्यानं अन्याय केला तर वरच्याविरुद्ध बोलणारा साक्षीदारच कायद्यात शिल्लक राहत नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जाळलं त्यात हे सगळं आहे. आज कुणी विचारतं, जुनी पुस्तकं जाळून काय मिळालं? त्याला सांगा, साक्ष द्यायचा अधिकार मिळाला.

धर्मराजाची गोष्टही तुम्हाला ठाऊक आहे. द्रोणाला पाडायला तो अश्वत्थामा मेला म्हणाला, हत्ती मेला हे हळूच पुटपुटला. त्याला शिक्षा काय? रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो जमिनीला टेकला. म्हणजे राजा खोटं बोलला की तो आपल्यासारखा जमिनीवर येतो. आपण खरं बोललो की जमिनीखाली जातो.

आता कुणी म्हणेल, हे पोथीतलं झालं, गावगाड्यात काय होतं? गावगाड्यात तर आणखी गंमत. दोन गावांत शिवेचा तंटा झाला की महाराला बोलवत. शीव कुठून कुठं जाते हे त्याला ठाऊक असायचं, आणि त्याचा शब्द दोन्ही गावांनी मानायचा. सरकारी वसूल तालुक्याच्या खजिन्यात पोचवायला महार जायचा. रानावनातून रोकड घेऊन एकटा-दुकटा. मयताची खबर घेऊन गावोगाव महारच पळायचा. हातात कागद नाही, चिठ्ठी नाही. अमका गेला असं त्यानं वेशीबाहेर उभं राहून सांगितलं की आतले पाहुणे रडत निघायचे. कुणी विचारलं नाही, हा खरं सांगतोय कशावरून.

ह्याचा अर्थ नीट घ्या. गावाला आपलं बोलणं खरं असतं हे पक्कं माहीत होतं. जमिनीची हद्द, सरकारचा पैसा आणि स्वतःचं मरण, ह्या तीन गोष्टींसाठी गावानं ज्याच्यावर विश्वास टाकला, तोच माणूस विहिरीवर मला मारलं म्हणून सांगायला गेला की खोटा ठरला. तेव्हा प्रश्न विश्वासाचा नव्हताच. आपलं खरं त्यांच्या कामाचं असेतो खरं, त्यांच्या अंगावर आलं की खोटं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाच्या विरोधात बिल आणलं. ती वतनं कायद्यानं जायला १९५८ उजाडलं. किती खोटी झाली ते मोजा.

आता आजच्या पोलीस ठाण्यात चला. तपास संपवून पोलीस कोर्टाला अहवाल देतात त्याची आपल्याकडं एक बाराखडी आहे. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही. 'ब' समरी म्हणजे फिर्याद मुद्दाम, वाईट हेतूनं केलेली, खोटी. 'क' समरी म्हणजे खरीही नाही नि खोटीही नाही, गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. तुमच्या आईच्या डोळ्यांतलं पाणी ह्या तीन अक्षरांपैकी एकात बसवतात. आणि 'ब' चा शिक्का बसला की पुढं आकडेवारीत ती केस 'खोटी' म्हणून मोजली जाते, आणि ती आकडेवारी घेऊन पेपरात लेख येतो की बघा, हे लोक कायद्याचा गैरवापर करतात. तपास कुणी केला, किती दिवस केला, साक्षीदाराला मालकाच्या वाड्यावरच कामाला जायचं होतं काय, हे त्या आकड्यात येत नाही.

खैरलांजी आठवा. भंडारा जिल्हा, २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे. एका मारहाणीच्या प्रकरणात त्या आईनं मारणाऱ्यांविरुद्ध साक्ष दिली होती. म्हणजे खरं बोलायचं जे शाळेत शिकवतात, ते तिनं केलं. ते लोक जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी चौघांना संपवलं. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सांगितली. २०१० साली नागपूर खंडपीठानं फाशीची जन्मठेप केली. पण दोन्ही ठिकाणी अॅट्रॉसिटीचा कायदा लागला नाही. हा सूड आहे, जातीचा प्रश्न नाही, असं म्हटलं गेलं. खून खरा ठरला, जात खोटी ठरली. भैयालाल भोतमांगे दाद मागत मागत जानेवारी २०१७ मध्ये वारले, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयातलं अपील लटकलेलंच होतं. गेटावर ट्रकची एक दिवस खोटी झाली तर डेमरेज लागतं. दहा वर्षांच्या ह्या खोटीचं डेमरेज कुणी भरायचं?

खर्ड्याला २०१४ साली सतरा वर्षांच्या शाळकरी पोराला मारून झाडाला लटकवलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरच्या कोर्टात आरोपी सुटले. साक्षीदार फितले होते, एक-दोन नाही, बरेच. 'फितूर' हाही खोट्याच्या घराण्यातलाच शब्द. पण फितूर होणाऱ्याला शिव्या देण्याआधी माझ्या टोळीतले ते चौघे आठवा. त्यांना दुसऱ्या दिवशीची पाळी पाहिजे होती. खोटं पुष्कळदा भुकेच्या जिभेनं बोलतं.

मग २० मार्च २०१८ आला. प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलंच होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी म्हटलं, ह्या कायद्याचा गैरवापर होतो, तेव्हा लगेच अटक नको, आधी चौकशी करा, परवानगी घ्या. दोस्तांनो, ह्यात मनूचा आठवा अध्याय परत आला की नाही? चोरीची फिर्याद लिहिताना कुणी म्हणत नाही की फिर्यादी बहुतेक खोटा असेल. आपली फिर्याद लिहिताना आधीच धाक. २ एप्रिलला भारत बंद झाला, गोळीबारात-दंगलीत माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेनं कायद्यात १८-अ कलम घातलं. आणि १ ऑक्टोबर २०१९ ला तीन न्यायमूर्तींनी ते निर्देश मागं घेतले. त्यांनी जे म्हटलं त्याचा भावार्थ असा: दलित-आदिवासी हे एक वर्ग म्हणून कायद्याचा गैरवापर करतात असं गृहीत धरता येणार नाही. कुणी खोटी तक्रार केली तर तो माणसाचा दोष, जातीचा नव्हे. छांदोग्यापासून इथवर यायला किती काळ लागला! सत्याला जात नाही आणि खोट्यालाही जात नाही, एवढी साधी गोष्ट लिहून घ्यायला माणसं मरावी लागली.

आणि हेही सांगून ठेवतो, कारण हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. दलित-आदिवासी माणसावर खोटा, खोडसाळ दावा लावणं आणि त्याच्याविरुद्ध अधिकाऱ्याला खोटी माहिती देणं, हाही १९८९ च्या ह्याच कायद्यात अत्याचार म्हणून गुन्हा आहे. म्हणजे 'खोटं पाडणं' कायद्यानं ओळखलंय. वापरायचं आपण.

आता शेवटचं, आणि हे आपल्याआपल्यात. ऐकायला कडू आहे.

फिर्याद द्यायला गेलं की कुणीतरी शहाणा भेटतो. कधी ठाण्यातलाच लिहिणारा, कधी वकिलाचा माणूस, कधी आपलाच कार्यकर्ता. तो म्हणतो, एवढ्यानं केस बसणार नाही, एक शिवी वाढव, दोन माणसं वाढव. पोरगं रागात असतं, अंगठा उठवतं. दोन वर्षांनी उलटतपासणीत तीच वाढवलेली ओळ वकील चिमटीत धरून ओढतो आणि सगळा खरा जबाब उसवून टाकतो. पाठीवरचे वळही खोटे ठरतात. मग लोक म्हणतात, आपलंच नाणं खोटं. मी म्हणतो, नाणं आपलं खरंच होतं, त्यात कथील दुसऱ्यानं मिसळलं आणि आपण मिसळू दिलं.

म्हणून पंचशीलातलं चौथं शील मला पोथीतलं वाटत नाही, लढ्यातलं वाटतं. पालीत त्याला मुसावाद म्हणतात. संस्कृतात मृषावाद. त्यापासून दूर राहायचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही खोटं न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. तिथं पातकांचा धाक नाही, नरक नाही, गायीची शपथ नाही. आपण आपल्या तोंडानं घेतलेला नेम आहे. ज्यांच्याकडं वही आहे, शिक्का आहे, त्यांना खोटं परवडतं. आपल्याकडं एकच भांडवल आहे, आणि ते म्हणजे घडलं ते घडलं तसं सांगणं. ते कमी भरलं तर चालेल, त्यात भेसळ नको.

आणि हे फक्त ठाण्यापुरतं नाही. मोर्चाला पाचशे आले तर पाचशे लिहा, पाच हजार नको. पुढारी समझोता करून आला तर त्याला विजय म्हणू नका. कवितेतसुद्धा जे दुःख आपण भोगलं नाही त्याची उसनी आरोळी ठोकू नका. आपली पुस्तकं आली तेव्हा पांढरपेशे म्हणाले, हे भडक आहे, असं कुठं असतं काय. त्यांनी आपल्याला खोटं पाडायचा प्रयत्न केला तरी ती पुस्तकं टिकली, कारण त्यातली भाकर, त्यातली विहीर, त्यातलं गावाचं नाव खरं होतं.

काम सांगतो आणि थांबतो. वस्तीत काही घडलं की त्याच दिवशी लिहा. तारीख, वेळ, जागा, बोलले तेच शब्द, तिथं कोण कोण उभं होतं. शिवी चार भिंतींच्या आत दिली की चारचौघांत, हे लिहा, कारण कोर्टात त्यावरच सगळं अडतं. फिर्याद वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाणं सोडू नका. २०१५ च्या दुरुस्तीनं साक्षीदाराला संरक्षण आणि येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्च मागायचा हक्क दिलाय. तो त्याला कुणी सांगत नाही, तुम्ही सांगा. आणि साक्षीदाराची पाळी बुडाली तर त्याच्या घरची चूल आपण पेटती ठेवायची. नुसतं 'खरं बोल' म्हणून तो टिकणार नाही.

मुकादमाच्या वहीला उत्तर दुसरी वही. पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकानं आपल्या वस्तीतली एक नोंद आणा. एकच आणा, पण अशी आणा की कुणी तिला खोटं पाडू शकणार नाही.

जय भीम.